सुई कोणाच्या हातची

५ एप्रिल २०२१, सोमवार

माणसाच्या हाताला गुण असतो म्हणजे नेमकं काय असतं? मला याचं उत्तर देता येत नाही. नर्सिंगच्या चार वर्षांत हे कोणी शिकवलं नाही, आणि आज दारोदार मला तेच ऐकावं लागलं.

सकाळपासून गावच्या आशा सेविका वैजयंतीताई आणि मी गावात फिरलो. पंचेचाळीसच्या पुढच्या सगळ्यांना परवा उपकेंद्रावर लशीसाठी बोलवायचं होतं. कोणी दार लावून घेतलं नाही. पाणी विचारलं, खुर्ची दिली, ती जरा लांब ठेवून दिली, आणि नाही म्हणाले. लस चांगलीच असेल, पण तुमच्या हाताचा गुण अजून कोणाला ठाऊक नाही, असं एका म्हाताऱ्या बाईंनी मला समजावल्यासारखं सांगितलं. शेवटच्या घरी एक जण सरळच बोलले. "बबनराव डॉक्टर देत असन त आजच्या आज घेतो. त्याची सुई कदी लागली ते समजत नाई."

बबनराव डॉक्टरांचा दवाखाना चौकात आहे. निदान तीस वर्षांपासून आहे. किन्हीराजाच्या फाट्याहून आत असलेल्या या गावात मी आले त्याला चार महिने झाले. इथल्या नर्सची जागा रिकामी आहे, म्हणून समुदाय आरोग्य अधिकारी मी आणि सुई टोचणारीही मीच.

आमच्या घरातली पहिली पदवी माझी. मला वाटत होतं, शिकलेल्या माणसापुढे लोक आपोआप बाही वर करतील. हे वैजयंतीताईंना सांगितलं तर त्या हसल्या. वाईट नाही हसल्या, पण हसल्या.

७ एप्रिल, बुधवार

चार जण आले. एका व्हायलमध्ये दहा डोस असतात आणि ती एकदा उघडली की चार तासांत संपवावी लागते. दहा माणसं जमल्याशिवाय उघडायची नाही अशी सक्त सूचना आहे, कारण लस कमी येते. चौघांना दुपारपर्यंत बसवून ठेवलं. पाचवा आला नाही. मग तेही उठले, आणि जाताना त्यांनीच माझी समजूत काढली. लशीचा निळा डबा जसा आला होता तसा परत पाठवला.

संध्याकाळी भात लावला. कुकरची शिट्टी झाली तेव्हा लक्षात आलं, दुपारनंतर उपकेंद्रातल्या माझ्या राहत्या खोलीत झालेला हा पहिला आवाज.

समोरच्या मनकर्णाबाईंनी ताक आणलं. त्या रोज आणतात. दारात उभ्या राहून माझ्या पातेल्यात वरूनच ओततात, भांड्याला भांडं लागू देत नाहीत. कोरोनाची इतकी काळजी गावात दुसरं कोणी घेत नाही, मला त्याचं कौतुक वाटतं. आज त्यांनी विचारलं, "काहून वं पोरी, तोंड उतरलं तुह्यं? जेवली काय?" मी हो म्हणाले. जेवले नव्हते, पण भात तर शिजत होता.

९ एप्रिल, शुक्रवार

तालुक्याच्या मीटिंगमध्ये आज सांगितलं की जिथे लोक उपकेंद्रावर येत नाहीत तिथे गावातल्या खाजगी डॉक्टरांना सोबत घ्या, त्यांच्या दवाखान्यात सत्र लावा. मी लगेच बबनरावांकडे गेले.

ते एकटेच बसले होते. बशी दोन्ही हातांनी धरून चहा पीत होते, तरी थोडा पॅन्टवर सांडला. कोणी मागे लागल्यासारखी चहाची घाई कशाला, असं मला वाटलं. माझी पाठ केलेली सगळी माहिती त्यांनी ऐकून घेतली. शेवटी मी म्हणाले, नियमाप्रमाणे सुई मीच द्यायला हवी, पण लोकांना तुमचाच हात हवा आहे, तर तालुक्याच्या साहेबांना विचारून बघते. माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाही त्यांनी.

"ना बेटा. सुई तूच दे. मी समोर बसतो अन् बोलतो. बोलाचं काम आपल्याले जमते, बायको म्हणे तेवढंच जमते."

इतक्या चटकन कबूल होतील असं वाटलं नव्हतं. परत येताना आनंद झाला आणि थोडा रागही आला. त्यांना काम नको, फक्त मान हवा. पण असू दे. मान त्यांना मिळो, लस लोकांना मिळो.

१३ एप्रिल, मंगळवार

पाडव्याचा दिवस असूनही दोन व्हायली संपल्या! वीसच्या वीस. असा दिवस पुन्हा येईल तेव्हा मला तो ओळखता यावा म्हणून सगळं लिहून ठेवते.

दवाखान्याची खोली लहान. माणूस स्टुलावर बसतो. बबनराव त्याच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ. ते त्याचा डावा दंड दोन्ही हातांनी घट्ट धरतात आणि म्हणतात, सुईकडे पाहायचं नाही, माझ्याकडे पाहा. मग म्हशीचं विचारतात, हरभरा किती झाला ते विचारतात, एखाद्याला जुन्या भानगडीवरून चिडवतात. मी मागच्या बाजूला टोपी, मास्क, चष्मा घालून उभी. तो हसला की मी सुई देते. कापूस दाबते. झालं. बाहेर ओट्यावर थांबलेल्यांना पडद्यामुळे काही दिसत नाही, आणि आतल्याला फक्त दंडावरचा हात जाणवतो.

बाहेर जाऊन प्रत्येक जण सांगत होता, बबनरावचा हात अजून तसाच हलका. एक म्हातारे तर पुन्हा आत आले आणि अजून सुई द्यायची राहिली का म्हणून विचारू लागले.

माझा हात हलका आहे. कॉलेजात बाई म्हणायच्या. आज वीस माणसांनी ते मान्य केलं आणि एकानेही माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाईट वाटायला नको. पण वाटलं, म्हणून लिहिलं.

घरी फोन केला. याडी आणि बापू, आईवडील दोघंही, अजून ऊसतोडीवर आहेत, तिकडे रेंज नसते. अमरदीप, माझा भाऊ, मानोऱ्याजवळच्या आमच्या तांड्यावर एकटाच आहे. त्याला सांगितलं. तो म्हणाला, बरं झालं, आणि त्याला कोणाचा तरी दुसरा फोन आला.

१६ एप्रिल, शुक्रवार

आजही ओटा भरला होता. मनकर्णाबाई त्यांच्या मालकांना, देवमनरावांना घेऊन आल्या होत्या. त्यांना स्वतःला कणकण होती, म्हणून मी मंगळवारी यायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "यायले सुई द्या आज. मी मंगळवारी येतो."

देवमनरावांना मी नेहमीचे प्रश्न विचारले. ताप, दम, छातीत दुखणं, कसल्या गोळ्या चालू आहेत का. त्यांनी उत्तर मला दिलं नाही, बबनरावांना दिलं. म्हणाले, मला काय धाड भरली, अजून तुझ्यासारखे दोन उचलतो. सगळे हसले. बबनरावांनी दंड धरला. मी सुई दिली.

२० एप्रिल, मंगळवार

देवमनराव गेले. सकाळी गोठ्यात म्हशी सोडताना खाली बसले, ते उठलेच नाहीत. मनकर्णाबाईंचा आवाज मी समोरूनच ऐकला. धावत गेले, छाती दाबत राहिले. त्यांचा मुलगा मुन्ना यानं मला खांद्याला धरून बाजूला केलं.

आज सत्र होतं. कोणी आलं नाही.

२२ एप्रिल, गुरुवार

तालुक्याहून पथक येऊन गेलं. शवविच्छेदनात हृदयविकार निघाला. घरात रक्तदाबाच्या गोळ्यांची जुनी पाकिटं सापडली, गोळ्या दोन वर्षांपूर्वीच बंद केलेल्या. लशीचा संबंध नाही, असं त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं आणि जीपमध्ये बसून निघून गेले. लोकांनी मान डोलावली. जीप वळणाआड जाईपर्यंतच.

मला एकच गोष्ट सारखी आठवते. त्या दिवशी मी प्रश्न विचारला, पण उत्तराची वाट पाहिली नाही. सगळे हसत होते. मला वाटलं, आपण कशाला रंगाचा बेरंग करायचा.

गावात म्हणतात, बबनरावचा गुण गेला. सुई वाईट असं कोणी म्हणत नाही, हात वाईट म्हणतात. माझं नाव कोणी घेत नाही, कारण सुई मी दिली हे कोणाला माहीतच नाही. वैजयंतीताईंना माहीत आहे, त्या गप्प आहेत. हे ऐकून पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं. मग स्वतःची लाज वाटली. दोन्ही खरं आहे.

बबनरावांनी त्यांच्याकडे झाडलोट करणाऱ्या बाईबरोबर निरोप पाठवला की मी दवाखान्याकडे फिरकू नये, आणि जमलं तर आठवडाभर रजा घेऊन घरी जावं. इतके दिवस माझ्या कामाचा उपयोग करून घेतला आणि आता तोंडही पाहायचं नाही. मी रजा घेणार नाही.

ताक बंद झालं आहे. साहजिक आहे.

२६ एप्रिल, सोमवार

आज वैजयंतीताई भिऊन आल्या. म्हणाल्या, मॅडम, घराघरातून खोकल्याचे आवाज येतात आणि विचारलं की सगळे म्हणतात, कोणाला काही नाही. आधी निदान बबनरावांकडे जात होते. आता तिकडेही जात नाहीत. दवाखान्याला कुलूप आहे. वरच्या आळीतल्या दुर्गाबाईंना काल अगदी दम लागल्यावर वाशीमला नेलं. आज त्यांच्याऐवजी फोन आला.

म्हणजे या गावाला आता कोणाचाच हात नको आहे. असंच राहिलं तर दुर्गाबाई शेवटच्या नाहीत. लस तर सोडाच, ताप आला हे सांगायलाही कोणी दार उघडणार नाही.

आणखी एक. बबनराव गेले चार-पाच दिवस संध्याकाळी उपकेंद्रासमोरच्या रपट्यावर, नाल्यावरच्या त्या ठेंगण्या पुलावर, येऊन बसतात. हातात काठी असते. माझ्याशी बोलत नाहीत, वर बघतही नाहीत. आज मुन्ना आणि त्याचे मित्र गाड्या घेऊन इकडे आले होते. बबनरावांनी त्यांना थांबवलं, बराच वेळ काहीतरी बोलले, मग ती मुलं परत गेली. माझ्याबद्दल काय भरवत असतील कोण जाणे. एक म्हातारा माणूस रोज येऊन आपल्या दारावर पाळत ठेवतो, हे फार विचित्र वाटतं. आतून कडी लावून घेते.

याडी आणि बापू ऊसतोडीवरून परतले. फोनवर याडी दमलेली वाटली. मी म्हणाले, सगळं छान चाललंय.

३० एप्रिल, शुक्रवार

ठरवलं आहे. परवा तेरवी आहे. तिथे जाऊन सांगणार. खरं काय ते कळलं तर निदान डॉक्टरांवरचा लोकांचा राग जाईल, दवाखाना उघडेल, माणसं तपासायला जातील. माझं काय होईल ते होवो. मला इथे असं कोण आहे जे तुटेल?

वाक्य लिहून पाहिलं, जोरात म्हणून पाहिलं. माझाच आवाज ऐकून दचकले.

२ मे, रविवार

तेरवी असूनही माणसं थोडीच होती, भाऊबंद आणि शेजारी. अंगणात कापड बांधलं होतं. बबनराव भिंतीला टेकून बसले होते, मांडीवर टॉवेल घेऊन. मला कोणी बोलावलं नव्हतं. मी मनकर्णाबाईंच्या समोर जाऊन उभी राहिले आणि पाठ केलेलं सगळं विसरले. एवढंच म्हणाले, "तुमच्या मालकांना सुई डॉक्टरांनी दिली नाही. मी दिली. सगळ्यांनाच मी दिली. ते नुसता हात धरत होते."

जेवणारे ताटावरून मान वर करून डॉक्टरांकडे बघू लागले. मग बबनराव म्हणाले, अगदी शांतपणे, जसे पेशंटशी बोलतात तसे.

"पोरगी भोळी हाय. माह्यासाठी खोटं बोलून राह्यली. सुई मीच देल्ली. देवमनले देल्ली, तुमालेही मीच देल्ली. तिनं फकस्त कापूस लावला."

आणि लोकांना ते लगेच पटलं! एक जण म्हणाला, दंडावर हात डॉक्टरचाच होता, मला काय समजत नाही का. मी पुन्हा सांगितलं. बबनरावांनी पुन्हा नाही म्हटलं. मुन्ना वाढपाचं काम सोडून उभा राहिला.

"पयले तुमी दोघं ठरवा, माह्या बापाले कोनं मारलं. मंग आमाले सांगा."

कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं, सोपं आहे, उद्या डॉक्टरांनी चौकात सगळ्यांसमोर एक सुई देऊन दाखवावी. दोघा-चौघांनी हो म्हटलं. मी बबनरावांकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही हात टॉवेलखाली घेतले होते. टॉवेल हलत होता. वारा नव्हता. बशी, सांडलेला चहा, दंड घट्ट धरणं, सगळं मला एका क्षणात कळलं. त्या हातांनी वर्षभरात तरी कोणाला सुई दिलेली नसणार.

मी फक्त "हो, दाखवा" म्हणायचं होतं. माझं खरं ठरलं असतं. त्यांचे हात सगळ्या गावानं पाहिले असते. ते मी म्हटलं नाही. मग म्हणाले की देवमनराव सुईनं गेले नाहीत, त्यांचं हृदय खराब होतं, लस चांगली आहे.

मुन्ना म्हणाला, "एवढी चांगली हाय त मॅडम, तुमच्या मायले देल्ली काय?"

याडीनं घेतलेली नाही. गेल्या आठवड्यात तांड्यावर लस आली तेव्हा ती शेतात जाऊन बसली, अमरदीपनं मला सांगितलं होतं. मी गप्प राहिले, आणि माझं गप्प राहणं सगळ्यांनी पाहिलं.

निघताना मागून मनकर्णाबाईंचा आवाज आला. तेवढ्या वेळात त्या पहिल्यांदा बोलल्या. "तिले जेवाले वाढा." मी थांबू शकले नाही.

३ मे, सोमवार

बबनरावांनी असं का केलं ते मला कळत नाही. हात लपवायचे असतील, हे समजतं. पण हात लपवायचे तर "मी दिली नाही, तिनं दिली" एवढं म्हटलं तरी ते लपले असते, आणि त्यांच्यावरचा बोलही गेला असता. उलट जी गोष्ट केली नाही ती अंगावर घेतली. मानाची हौस माणसाला इतकी असते का?

आजही ते रपट्यावर बसले होते. मुन्नाची गाडी आली नाही.

५ मे, बुधवार

याडीला फोन केला. आमच्या बोलीत लशीसाठी शब्दच नाहीत, तरी मी तिला अगदी पायरीपायरीनं समजावून सांगितलं. शरीर रोगाला कसं ओळखतं, ताप का येतो, तो आला तरी घाबरायचं का नाही. तिचं लक्ष सुरुवातीला भलतीकडेच होतं. जेवतेस का, दाराची कडी नीट लागते का, शेजारी कोणी येतं का, असंच विचारत राहिली. ताक देणारी बाई आता येते का, हे तिनं विचारलं तेव्हा मला रडू आलं, बराच वेळ आवरलं नाही. पण मी मुद्दा सोडला नाही. डोळे पुसून पुन्हा सगळं सांगितलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, येते. तुझ्याच गावात घेते.

शास्त्र नीट समजावून सांगितलं तर न शिकलेल्या माणसालाही पटतं. याचा मला आज फार आधार वाटला.

१० मे, सोमवार

अमरदीप याडीला गाडीवर घेऊन आला. नाक्यावर पोलिसांनी अडवलं होतं. लस घ्यायला चाललोय म्हटल्यावर पोलिसांनी हसून विचारलं, तुमच्या मानोऱ्यात संपली का?

याडीनं आल्याआल्या माझी खोली झाडली, जी मी झाडून ठेवली होती. भाकरी केल्या. बोटांना उसाच्या पाचटाचे चरे आहेत, अजून भरले नाहीत. लशीबद्दल तिनं काही विचारलं नाही. एकदाच म्हणाली, तूच देणार ना.

मी तिचा रक्तदाब मोजला. साखर तपासली. दम लागतो का, छातीत कधी दुखलं का, ऊस तोडताना कधी चक्कर आली का. प्रत्येक प्रश्नाला थांबले. ती हसत होती, तरी थांबले. सगळं ठीक आहे. तरी मला भीती वाटते. लाखातल्या एखाद्याला काय होतं ते मला वाचून माहीत आहे, आणि आजपर्यंत तो लाखातला एक म्हणजे माझ्यासाठी आकडा होता.

संध्याकाळी ती दारात बसली. रपट्यावरच्या म्हाताऱ्याकडे बघून म्हणाली, हा तुझा राखणदार का? मी म्हणाले, नाही गं, ते डॉक्टर आहेत. तिनं आतून चहा करून आणला आणि मला विचारल्याशिवायच त्यांना नेऊन दिला. पेल्यात दिला, अर्धाच भरून. त्यांनी दोन्ही हातांनी घेतला.

आज माझ्या घरात दोन ताटं धुतली.

११ मे, मंगळवार

शाळेतली खुर्ची आणून चौकाच्या मधोमध ठेवली, दवाखान्याच्या बंद दारासमोर. पडदा नाही, टोपी नाही, चष्मा नाही. मास्क तेवढा होता. वैजयंतीताईंनी गावभर सांगितलं होतं की मॅडम त्यांच्या आईला सुई देणार आहेत. माणसं आली, पण रांगेत नाही. सावलीला, दारात, ओट्यांवर. मुन्ना गाडीवर एक पाय टाकून बसला होता.

वैजयंतीताई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "मॅडम, घेनारी एकटी तुमची माय हाय. व्हायल उघडू नका, वरून विचारतीन."

मी उघडली.

याडीनं पदर सरकवला. तेवढ्यात बबनराव आले. मला वाटलं, सवयीनं तिच्यासमोर बसतील. तिनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ते बाजूला होऊन माझ्या मागे उभे राहिले, हात पाठीशी बांधून. मी तिचा दंड माझ्या डाव्या हातानं धरला. ती सुईकडेच बघत होती, मग माझ्याकडे. मी सुई दिली. मुन्नाच्या गाडीची साखळी वाजली.

अर्धा तास तिला खुर्चीत बसवून ठेवावं लागतं. सगळे ती पडते का हे बघत होते. तिनं वैजयंतीताईंना इथल्या मजुरीचा भाव विचारला, कोणाच्या तरी गोऱ्ह्याला नाव ठेवलं, आणि वेळ झाल्यावर उठून त्या सगळ्यांकडे वळून तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "पाहून झालं? मेले नाही मी. आता उन्हात कशाला उभे?"

कोणीतरी हसलं. त्यानंतर बराच वेळ काही झालं नाही. मग वैजयंतीताईंचे सासरे आले. मग पहिल्या दिवशी दुपारपर्यंत बसून गेलेल्या चौघांपैकी एक. मग तेरवीत दंडावरचा हात ओळखणारे ते गृहस्थ, दुसरा डोस लवकर मिळतो का विचारायला. तो अजून मिळत नाही म्हटल्यावर त्यांनी घरात जाऊन बायकोला आणलं. तिघांनाही मी सगळे प्रश्न विचारले आणि उत्तरं घेतली. त्यांनी ती मलाच दिली. बबनरावांनी कोणाचा दंड धरला नाही. दुपारी त्यांनी दवाखान्याचं कुलूप काढलं, आणि एक माणूस खोकत आत गेला.

मनकर्णाबाई आल्या नाहीत. त्यांचं दार उघडं होतं, आत अंधार होता. मुन्ना शेवटपर्यंत बसून होता, मग निघून गेला.

व्हायलची वेळ संपली तेव्हा सहा डोस शिल्लक होते. एवढी लस मी आजवर कधी फेकली नव्हती. याडी तोवर अमरदीपबरोबर गेली होती. दंड दुखतोय म्हणाली, आणि ते सांगताना खूश दिसत होती.

वाया गेलेल्या डोसचं कारण रोजच्या अहवालात लिहावं लागतं. लाभार्थी कमी आले असं लिहा, सगळे तेच लिहितात, असं वैजयंतीताई म्हणाल्या. मी लिहिलं: "माझ्या आईला गावासमोर लस द्यायची होती. दहा माणसं नाहीत हे माहीत असूनही मी स्वतःच्या निर्णयानं व्हायल उघडली." खाली पूर्ण नाव लिहिलं आणि पाठवून दिलं.